सौजन्य : गुगल

नवं पंचांग हातात आलं की राशिभविष्य सोडून थेट विवाहमुहूर्तांचं पान काढणारी माणसं ठरलेली असतात : मंगल कार्यालयाचे मालक, आचारी, बँडवाले आणि फोटोग्राफर. फोटोग्राफर मुहूर्त किती आहेत ते बघतोच, पण त्याहून जास्त बघतो ते किती विखुरलेले आहेत. वैशाखातल्या एका तारखेला तालुक्यात पाच-पन्नास लग्नं असली तरी त्याला त्यातलं एकच करता येतं. गुरू-शुक्राचा अस्त लांबला की हंगाम आखडला. अधिक महिना आला की त्याहून वाईट. २०२३ मधला अधिक श्रावण चातुर्मासातच आल्यामुळे कुणाच्या पोटावर पाय आला नाही. अधिक ज्येष्ठाचं मात्र तसं नाही. १७ मे ते १५ जून २०२६ म्हणजे लग्नसराईचा ऐन गाभा. मला हे गणित ज्यांनी समजावून सांगितलं, त्यांनी पंचांगात या महिनाभराभोवती पेन्सिलने चौकट आखून ठेवली होती.

ते कराडकडचे. वय चाळिशीपुढे, घरची थोडी शेती, वडिलांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता तो आता बंद. नाव छापू नका म्हणाले, कारण गिऱ्हाइकांबद्दल मोकळेपणी बोलायचं होतं. लग्नाच्या मांडवात त्यांना सगळे ‘ओ फोटोवाले’ म्हणतात, म्हणून इथेही ते फोटोवालेच.

‘स्वतंत्र छायाचित्रकार’ म्हटलं की आपल्यासमोर लडाखच्या तळ्याकाठी तिवई रोवून उभा असलेला दाढीवाला तरुण येतो. तसे असतात, नाही असं नाही. पण महाराष्ट्रात या पेशावर घर चालवणाऱ्यांतले बहुतेक जण लग्न, मुंज, डोहाळजेवण, बारसं, शाळेचं गॅदरिंग, पुढाऱ्याचा वाढदिवस आणि एमआयडीसीतल्या कारखान्याचं कॅटलॉग यांवर जगतात. उरलेल्या वेळात, उरलेल्या पैशात, ते स्वतःला हवे ते फोटो काढतात. पोट भरणारा फोटो एक आणि नाव देणारा फोटो दुसरा, आणि दुसऱ्याचा खर्च पहिल्याने सोसायचा, हा या धंद्याचा अलिखित करार आहे.

पहिला कसा निघतो ते मी एका गोरज मुहूर्ताच्या लग्नात त्यांच्या मागे उभं राहून पाहिलं. अक्षता पडण्याचा क्षण दोन-तीन सेकंदांचा, पण त्याची तयारी दुपारीच सुरू झाली होती. आधी त्यांनी गुरुजींना गाठलं. अंतरपाट कोण धरणार, शेवटच्या ‘सावधान’ला तो कुठल्या बाजूला घेणार, हे विचारून घेतलं. मग अंतरपाट धरणाऱ्या दोघांना सांगितलं, ‘‘पाहुणं, वर उचलू नका, तोंडं झाकत्यात. बाजूला वढा.’’ हे सांगायचं राहिलं तर नवरा-नवरीच्या पहिल्या नजरेऐवजी अल्बममध्ये धोतराचं कापड येतं.

मग उजेड. कार्यालयाच्या छताला पिवळे दिवे, स्टेजमागे जांभळ्या-निळ्या एलईडी पट्ट्या आणि बाजूला व्हिडिओवाल्याचा पांढरा झगझगीत लाइट. तिन्ही उजेड एकाच चेहऱ्यावर पडले की नवरीची हळद कुठली आणि दिव्याचा पिवळेपणा कुठला हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्यात स्वस्त एलईडीची आणखी एक खोड. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण शटर जास्त वेगाने मारलं की फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणलं की पट्टे जातात. मात्र हवेतल्या अक्षता हलतात आणि तांदळाच्या जागी पांढऱ्या रेघा येतात. दोन्ही एकदम साधत नाही. त्यांनी पट्टे टाळले, अक्षतांच्या रेघा पत्करल्या आणि फ्लॅश छताकडे वळवून थोडा आधार घेतला. ‘‘रेघा आल्या तर लोक म्हणत्यात अक्षता पडतायत. पट्टे आले तर म्हणत्यात कॅमेरा बिघडलाय,’’ असं त्यांचं त्यावरचं साधं स्पष्टीकरण. या निर्णयाला त्यांना लागला असेल एखादा क्षण. वीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

मंगलाष्टका सुरू झाल्या तसे वऱ्हाडाचे मोबाइल वर गेले. फोटोवाल्यांकडे घडीचं ॲल्युमिनियमचं स्टूल असतं, ते त्यासाठीच. स्टुलावरून त्यांना नवरीच्या मामांच्या डोक्यावरून दिसत होतं आणि खालून कुणीतरी त्यांच्या शर्टाचं टोक ओढत होतं, ‘‘ओ, आमच्या आजीचा एक घ्या की!’’ अंतरपाट बाजूला झाला. त्यांचा कॅमेरा आवाज न करता सेकंदाला दहा-बारा फ्रेम घेत होता. मिररलेस आल्यापासून खटखट गेली. गुरुजींना हे फार आवडतं म्हणे.

मग आजीचा फोटो घेतला. तो छान आला, आणि मला विचाराल तर त्या दिवसातला सर्वांत चांगला तोच होता. अल्बममध्ये तो जाईल की नाही, हे आजींच्या सुनेवर अवलंबून.

जेवायला ते शेवटच्या पंगतीनंतर बसले. बुफे असला तरी फोटोवाल्यांची पंगत शेवटचीच, कारण आधी बसलं की नेमके कुणीतरी आमदार येतात. रात्री घरी पोचल्यावर बॅगेतून कार्डं काढून आधी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवली आणि मगच अंघोळ. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीच्या पुढेच जाते. लग्नाला तीन-चार हजार फ्रेम धरल्या तरी नुसत्या फोटोंचे शंभर जीबी होतात, व्हिडिओ वेगळाच. आता कॅमेऱ्यांत दोन कार्डांची सोय असते आणि दोन्हींवर एकाच वेळी नोंद होते. ही सोय नसलेला कॅमेरा लग्नाला नेणारा माणूस धाडसी म्हणायचा की बेजबाबदार, यावर या धंद्यात वाद नाही. बेजबाबदारच. लग्न पुन्हा लावता येत नाही.

या सगळ्यात फोटो काढण्याला गेला एक दिवस. पुढे निवड, कलर करेक्शन, अल्बमची पानं, व्हिडिओचं एडिटिंग, लॅबला पाठवणं, परत आलेल्या अल्बमचा पुठ्ठा तपासणं. यातलं बरंचसं काम आता बाहेर दिलं जातं. कुणी फक्त अल्बम डिझाइन करतं, कुणी फक्त गाणी लावून सिनेमॅटिक कापतं. लग्नाच्या तारखेला हाताशी माणूस कमी पडला की शेजारच्या तालुक्यातला फोटोग्राफर दिवसाच्या बोलीवर येतो आणि दुसऱ्या मुहूर्ताला हे त्याच्याकडे जातात. एकमेकांचे प्रतिस्पर्धीही हेच आणि एकमेकांचा आधारही हेच.

पैशाची गाडी मात्र एका ठरावीक ठिकाणी अडते. बोली साधारण तीन हप्त्यांची असते : बुकिंगला काही, लग्नादिवशी काही आणि अल्बम हातात पडल्यावर उरलेले. अल्बम व्हायला फोटो निवडावे लागतात. फोटो घरच्यांनी निवडायचे. आणि घरचे निवडत नाहीत! मुलगी सासरी गेलेली असते, मुलगा पुण्याला नोकरीला परत जातो, पेन ड्राइव्ह टीव्हीच्या कपाटात पडतो. दोन घरांना दोन वेगळे फोटो हवे असतात. एखाद्या घरात तोवर पहिलं बाळ होतं आणि निरोप येतो, ‘‘बारशाचे पण त्यातच घालू या का?’’ तिसरा हप्ता या सगळ्याच्या पलीकडे. फोटोवाल्यांनी हिशेबाची वही दाखवली तेव्हा त्यात अशी थकलेली नावं पानभर होती, आणि त्यातला एकही माणूस बुडवणारा नव्हता. सगळे सुखवस्तू, सज्जन, निवांत. आता नव्या पिढीतले काही जण अल्बमची अट काढून टाकतात आणि फोटोंची सॉफ्ट कॉपी दिल्यादिवशी हिशेब मिटवतात. मला हे पटतं. गिऱ्हाइकाच्या आळसाचं व्याज फोटोग्राफरने का भरावं?

कारण त्याचं स्वतःचं व्याज चालूच असतं. फुल फ्रेम बॉडी आणि ७०-२०० ची चांगली लेन्स मिळून तीन-चार लाखांच्या घरात जातात, आणि बॉडी एक असून भागत नाही. यांत्रिक शटरचं आयुष्य कंपन्या दीड-दोन लाख ते पाच लाख क्लिक असं सांगतात. हंगामात पंचवीस-तीस लग्नं करणाऱ्याचे लाखभर क्लिक सहज होतात. पूर्वी ३६ फोटोंचा रोल असायचा आणि लग्नाला किती रोल घालायचे हे यजमान ठरवायचे. बोट दाबताना हात आपसूक आखडायचा. उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल वडिलांच्या स्टुडिओत वापरला जायचा, त्याची रिकामी डबी फोटोवाल्यांनी अजून ठेवली आहे, तिच्यात सुट्टे पैसे असतात. रोलच्या जमान्यात कॅमेरा वीस वर्षं चालायचा आणि खर्च गिऱ्हाइकागणिक व्हायचा. आता क्लिक फुकट झाली आणि यंत्र महाग झालं, म्हणजे खर्च गिऱ्हाइकाकडून उठून फोटोग्राफरच्या डोक्यावर बसला. त्यात ड्रोन. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. तरी वरात ड्रोनशिवाय निघत नाही. ते कुठून येतात हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

कोरोनाच्या साथीत, एप्रिल २०२१ मध्ये, राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती. त्या पंचविसांत फोटोग्राफर धरायचा की नाही, यावर मांडवात भांडणं झाली. कित्येकांनी तेव्हा लेन्सा विकल्या.

हा पेशा आपल्याकडे नवा नाही आणि त्याची ही अस्थिरताही नवी नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवत होते. प्लेगात पत्नी आणि मूल गेलं, तो धंदा त्यांनी आवरला, पुढे काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. आपल्या सिनेमाचे जनक एके काळी गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेले फोटोवालेच होते, हे आपण फारसं लक्षात ठेवत नाही.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची गोष्ट इथे जास्त जवळची. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले तेव्हा दर फोटोला एक रुपया मिळाला. बाईने काढलेला फोटो कोण छापणार, म्हणून सुरुवातीचे बरेच फोटो पती माणेकशा यांच्या नावावर गेले. पुढे दिल्लीत त्यांनी सत्तांतरापासून नेहरूंपर्यंत एका देशाचा जन्म टिपला आणि १९७० मध्ये, हात चालता असताना, कॅमेरा खाली ठेवला. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये. जानेवारी २०१२ मध्ये त्या गेल्या. त्यांचे फोटो आपण पाठ्यपुस्तकांपासून कॅलेंडरांपर्यंत सगळीकडे पाहिलेत. खाली नाव किती वेळा वाचलंत?

आता दुसऱ्या प्रकारच्या फोटोकडे येतो. आषाढाच्या तोंडावर लग्नं थांबतात आणि फोटोवाले पिशवीत रेनकोट घालून दिवेघाटात जातात. माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना घाट चढते, त्या दिवशी डोंगराच्या उतारावर इतके कॅमेरे असतात की वारकरीच त्यांचे फोटो काढतात. इथे एक पैसा मिळत नाही. नव्या पोरांना वळणावरून निघणारा तोच एक फोटो हवा असतो : खाली पांढऱ्या टोप्यांची नदी, वर ढग. फोटोवाले आता तिथे थांबत नाहीत. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण करतात, बाजीराव विहिरीला जातात, आणि मुक्कामावर ट्रकच्या सावलीत पाय चेपून घेणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ बसतात. त्यांच्या मते वारीचा फोटो चालताना मिळत नाही, थांबल्यावर मिळतो. त्यांचे हे फोटो मी लॅपटॉपवर पाहिले. त्यात उसाच्या मोळीवर डोकं टेकून झोपलेली एक बाई आहे, तिच्या कपाळावरचं गंध घामाने भुवईपर्यंत आलंय आणि झोपेतही एक हात तुळशीवृंदावनावर आहे. लग्नाचे लाखो फोटो काढलेल्या हातानेच तो काढलाय, हे त्यातल्या उजेडावरून कळतं.

अशा कामाला वर्षं लागतात. छायाचित्रकार संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर हिंडले, राहुट्यांत राहिले, त्यातून ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक उभं राहिलं. वारीवरही त्यांचं पुस्तक आहे. सुधारक ओलवे यांनी वृत्तपत्रांत काम करता करता मुंबईच्या सफाई कामगारांचं आयुष्य गटारात उतरून टिपलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असं काम कुणी सांगून करून घेत नाही. ते झाल्यावर मात्र सगळ्यांना हवं असतं. फुकट.

इथे कायदा काय म्हणतो ते सांगायला हवं, कारण फोटोग्राफरनाही ते नीट ठाऊक नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. पण त्याच कायद्याच्या १७ व्या कलमानुसार कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नाचे फोटो नवरा-नवरीकडच्यांचे. फोटोवाल्यांनी ते न विचारता इन्स्टाग्रामवर टाकले तर तक्रारीला जागा आहे, आणि बहुतेक जण न विचारता टाकतात. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेला फोटो छापण्यापुरता मालकाचा. आणि स्वतःच्या मनाने, स्वतःच्या खर्चाने दिवेघाटात काढलेला फोटो निखळ काढणाऱ्याचा. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात नाव टाकावं लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. शिवाय कलम ५७ आहे : मालकी कुणाचीही असो, हा फोटो मी काढला असं म्हणण्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो.

प्रत्यक्षात काय होतं? फोटोवाल्यांचा दिवेघाटाचा एक जुना फोटो आषाढ आला की फिरायला लागतो. पुढाऱ्यांच्या शुभेच्छा फलकांवर, सहकारी बँकांच्या जाहिरातींत, यूट्यूबवरच्या अभंगांमागे. एका मासिकाने तो मुखपृष्ठावर छापला आणि आत बारीक अक्षरात लिहिलं, ‘सौजन्य : गुगल’. फोटोवाल्यांनी संपादकांना फोन केला. संपादक गोड बोलले, म्हणाले, ‘‘अहो, तुमचाच आहे होय? छानच आहे!’’ आणि अंकाची एक प्रत पाठवली. गुगल फोटो काढत नाही. ते फक्त फोटो कुठे आहे ते दाखवतं, आणि त्याच पानावर बहुतेकदा मूळ ठिकाणाचा दुवाही असतो. दुव्यावर बोट ठेवायचे कष्ट वाचवून त्याला सौजन्य म्हणायचं, याला माझ्या मते आळस हा शब्दही सौम्य आहे. कायद्यात याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलाय. कराडचा माणूस वारीच्या एका फोटोसाठी कोर्टात जात नाही, हे छापणाऱ्यालाही माहीत असतं.

थकलेल्या बिलांचंही तेच. कंपन्यांची, संस्थांची कामं केली की बिल लेखा विभागात जातं आणि तिथे मुरतं. टीडीएस मात्र लगेच कापला जातो. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यात अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. एकटा फोटोग्राफरही उद्यम नोंदणी करून यात येऊ शकतो, नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. फोटोवाल्यांनी ती करून ठेवलीय. व्याज कधी मागितलं का, असं विचारल्यावर हसले. एकदा व्याज मागितलं की पुढचं काम दुसऱ्याला. तरीही बिलावर उद्यम क्रमांक छापून ठेवावा असं मी म्हणेन. तो छापला की निदान लेखा विभागातला माणूस कागद वर काढतो, असं त्यांचंही निरीक्षण आहे.

नव्या यंत्रबुद्धीची भीती त्यांना फारशी वाटत नाही. चार हजार फोटोंतून मिटलेले डोळे वेगळे काढणारं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलंय आणि त्यावर ते खूश आहेत. मुखपृष्ठांसाठी यंत्राने रचलेले वारकरी आता दिसायला लागलेत, त्यांतल्या काहींच्या टाळांना दोऱ्या नसतात. ज्या संपादकांना फुकटात गुगलचा फोटो चालत होता त्यांना हाही चालेल. त्यांच्याकडून पूर्वीही पैसे मिळत नव्हते, त्यामुळे नुकसान शून्य, असा फोटोवाल्यांचा हिशेब.

असे फोटो छापणाऱ्या दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली असं मानतात. या अंकांत लेखकाचं नाव अनुक्रमणिकेत येतं, मानधन उशिरा का होईना पोचतं. फोटोग्राफरचं नाव छापायला एक ओळ लागते. संपादकांनी ती प्रत्येक फोटोखाली द्यावी, ठरलेला मोबदला द्यावा, आणि फोटो कुणाचा ते सापडत नसेल तर तो छापू नये. वाचकांनीही दिवाळी अंक हातात आहे तोवर फोटोंखालच्या ओळी चाळाव्यात आणि जिथे ‘सौजन्य : गुगल’ दिसेल तिथे संपादकांना एक पत्र टाकावं. आणि तुमच्या घरच्या लग्नाचा पेन ड्राइव्ह अजून कपाटात असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत सगळे जमलात की फोटो निवडून टाका आणि उरलेले पैसे पोचते करा.